जुना डेस्कटॉप आणि हातात थोडेसेच पैसे: आधी कुठला पार्ट बदलायचा?

घरचा डेस्कटॉप स्लो झाला की आपल्या इंदूरात माणूस सरळ आरएनटी मार्गावरचं सिल्व्हर मॉल नाहीतर जेल रोड गाठतो, पहिल्या दुकानात विचारतो "काय टाकू यात?" आणि दुकानात जे पडलेलं असेल तेच त्याला टाकायला सांगतात. कधी रॅम, कधी ग्राफिक कार्ड, कधी सरळ "ये तो गया भिया, नया ले लो". दुकानदाराची यात फार चूक नाही, तुमचं मशीन काही त्याच्यासमोर चालू नसतं आणि तुम्ही त्याला एवढंच सांगितलेलं असतं की स्लो आहे. काय स्लो आहे हे शोधायचं काम घरीच होऊ शकतं, फुकटात, अर्ध्या तासात, आणि ते केलं की निम्मे पैसे वाचतात.

दोनच प्रश्न आहेत. एक, मशीन नक्की कोणासाठी अडून राहिलंय? दुसरा, जो पार्ट आज घेताय तो दोन वर्षांनी नवीन मशीन घेतलंत तर त्यात जाईल का? पहिल्या प्रश्नाने कळतं काय घ्यायचं, दुसऱ्याने कळतं त्यावर किती खर्च करायचा. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरता भाग नसलेली डिस्क), चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मॉनिटर, यूपीएस हे पुढे जातात. डीडीआर३ (जुन्या जातीची) रॅम आणि जुन्या सॉकेटचा (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर कुठेच जात नाहीत, ते त्याच मशीनबरोबर संपतात, म्हणून ते घ्यायचेच तर सेकंडहँड आणि अगदी कमी पैशात.

आधी घरी बसून बघा

नेहमीचं काम चालू करा. म्हणजे ब्राउझरमध्ये रोज उघडता तेवढे टॅब, टॅली असेल तर टॅली, कोरल असेल तर कोरल, मुलं गेम खेळत असतील तर तो गेम. रिकाम्या मशीनवर टेस्ट करून काही कळत नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स टॅब.

आता बघा. डिस्क १००% वर चिकटलीय आणि प्रोसेसर १५-२०% वर निवांत बसलाय, तर मशीन हार्ड डिस्कसाठी थांबलंय. मेमरी ८५-९०% च्या वर आहे आणि डिस्कसुद्धा सारखी पळतेय, तर रॅम कमी पडतेय, कारण रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवायला लागतं. प्रोसेसर काम करताना सतत १०० वर असेल तर प्रोसेसर. गेम अडकतोय आणि जीपीयू (ग्राफिकची चिप) ९५ च्या पुढे आहे तर ग्राफिक. आणि हे सगळेच आरामात असतील, तरी यूट्यूब गोल गोल फिरतंय, तर तो इंटरनेटचा किंवा राउटरचा प्रश्न आहे, त्यासाठी कॅबिनेट उघडायची गरजच नाही.

याच मेमरीच्या पानावर खाली लिहिलेलं असतं की रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत, ते लिहून ठेवा. डिस्कच्या पानावर एचडीडी का एसएसडी तेही दिसतं. मग सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं मॉडेल आणि रॅम डीडीआर३ आहे का डीडीआर४, सगळं येतं. या पानांचे मोबाईलवर फोटो काढून घ्या, दुकानात हेच दाखवायचे.

अजून एक गोष्ट. सेटिंगमध्ये सिस्टिम टाइप बघा. अजूनही कितीतरी घरांत ३२ बिटचं विंडोज आहे, कोणीतरी कधीकाळी टाकून दिलेलं, आणि ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, प्रत्यक्षात तर साडेतीनच्या आतच मिळते. तिथे ८ जीबी टाकली तरी काहीच फरक पडणार नाही. आधी ६४ बिट विंडोज टाकायचं, मग रॅम.

विंडोजची तारीख आणि तुमचा प्रोसेसर

हे पैसे खर्च करायच्या आधीच ठरवायला लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती लोकांना नाव नोंदवलं तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट आणि साधारणपणे इंटेलची आठवी जनरेशन (आय३-८१०० मधला पहिला ८ म्हणजे जनरेशन) किंवा एएमडीच्या रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर लागतो. साधारणपणे म्हणालो कारण रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी हे नावाला २००० चे आहेत पण आतून आधीच्या पिढीचे, ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा, ते सरळ हो किंवा नाही सांगतं. टीपीएम नाही असं आलं तर लगेच मॉड्यूल विकत घ्यायला धावू नका, बहुतेक नव्या बोर्डांत तो प्रोसेसरच्या आतच असतो, फक्त बायोसमध्ये (मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून उघडणारी बोर्डाची सेटिंग) बंद असतो, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडेल.

तर तुमचं मशीन आठव्या जनरेशनच्या आधीचं असेल, म्हणजे २०११-१२ चं आय३ दुसरी-तिसरी जनरेशन वगैरे, तर त्यावर मोठा खर्च करूच नका. एक एसएसडी, जी नंतर काढून नेता येईल, आणि जमलं तर सेकंडहँड रॅम. बास. बँकेचं काम, मेल, यूट्यूब, सकाळचे पेपर एवढंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून बघा, जुन्या मशीनवर छान चालतं, मराठी टायपिंगही होतं आणि अपडेट चालू राहतात. टॅली, कोरल, फोटोशॉप लागत असेल तर मात्र मिंट तुमच्या कामाचं नाही.

सगळ्यात आधी धूळ, कारण ती फुकट आहे

इंदूरचा मे महिना माहीतच आहे, पारा ४० च्या वर, आणि आपली धूळ बारीक, पीठासारखी. प्रोसेसरवरचा कूलर (पंखा) आपल्या खोलीतल्याच हवेने चिप थंड करतो, म्हणजे खोली २५ डिग्री असताना प्रोसेसर ६५ वर असेल तर खोली ४० झाल्यावर तोच प्रोसेसर तेच काम करताना ८० च्या आसपास जाणार, आणि वर कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसलेली असेल तर ९५-१०० ला पोचून तो स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. मशीन "उन्हाळ्यात स्लो होतं, हिवाळ्यात बरं चालतं" असं कोणी म्हटलं की मी पैसे खर्च करू देत नाही, आधी साफसफाई.

एचडब्ल्यूमॉनिटर टाकून काम चालू असतानाचं तापमान बघा. मग मशीन बंद करा, भिंतीतून प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून आतला उरलेला करंट जाऊ द्या. कॅबिनेट गच्चीत किंवा बाल्कनीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटासुलटा वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. वॅक्युम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका. एसएमपीएस बाहेरूनच फुंकायचा, उघडायचा नाही, आत बंद केल्यावरही जीवघेणा करंट असतो.

चार-पाच वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट वाळलेली असते. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार पिना असतात, त्या चारही "टक" करून बसल्या पाहिजेत, एक जरी अर्धवट राहिली तर तापमान आधीपेक्षा वाढतं, बोर्डाच्या मागून बघून खात्री करा. रायझन एएम४ (एएमडीचा सॉकेट) वाल्यांनी जास्त सांभाळा: मशीन थोडं गरम असताना बंद करा आणि कूलर सरळ वर ओढू नका, आधी हळू डावी-उजवीकडे फिरवून सैल करा, नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात.

घड्याळ सारखं २००९ नाहीतर २०१५ ला जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलके घासून परत बसवा. आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून नको ते बंद करा. "पीसी ऑप्टिमायझर", "रजिस्ट्री क्लीनर" असली सॉफ्टवेअरं काढून टाका, ती स्वतःच मशीन खातात.

एवढं केल्यावर पुन्हा टास्क मॅनेजर बघा. आता जे दिसेल ते खरं.

एसएसडी: दहापैकी आठ घरांत पहिला खर्च हाच

मशीनमध्ये अजून फक्त हार्ड डिस्क असेल तर पुढचं सगळं सोडा, आधी हे. कारण समजून घ्या, मग दुकानात कोणी भुलवणार नाही. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे हवा तो डेटा सुईखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, आणि सुई तिथपर्यंत सरकायला अजून ८-९. हिशोब केला तर सेकंदाला ७०-८० वेगवेगळ्या जागांवरून वाचन होतं. विंडोज चालू होताना, ब्राउझर उघडताना हजारो बारीक फाइली वेगवेगळ्या जागांवरून वाचायच्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाहीच, स्वस्तातली साटा (केबलने जोडायची) एसएसडीसुद्धा तेच काम सेकंदाला हजारोंनी करते. बॉक्सवर छापलेला ५५० एमबीचा आकडा मोठी फाइल कॉपी करतानाचा, रोजचा फरक या बारीक वाचनाने पडतो.

म्हणूनच जुन्या एच६१ बोर्डावर (एच६१, एच८१ ही बोर्डाच्या चिपसेटची नावं), जिथे साटा पोर्ट ३ जीबीपीएसचेच आहेत आणि एसएसडी निम्म्या स्पीडने चालणार, तिथेही मशीन ओळखू येणार नाही एवढं बदलतं. एच८१ वर दोन पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे असतात, एसएसडी ६ वाल्याला लावा, बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी) घेऊ का साटा? बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल आणि भावात फरक नसेल तर एनव्हीएमई, पुढच्या मशीनमध्येही जाईल. पण आधी मॅन्युअल बघा, काही बोर्डांचा एम.२ फक्त साटा घेतो, काहींचा फक्त एनव्हीएमई, आणि काहींत एम.२ भरला की एक साटा पोर्ट बंद पडतो. एम.२ नसलेल्या जुन्या बोर्डावर कार्डात एनव्हीएमई बसवून लावता येते, पण त्यावरून विंडोज बूट होईलच असं नाही, तिथे साटाच बरी. साइज २५० जीबीच्या खाली नको, ५०० जमलं तर छान, कारण एसएसडी गच्च भरली की तीही मंदावते. जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओसाठी तशीच राहू द्या, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फोने तिची तब्येत बघा. तिथे "कॉशन" दिसलं, किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य नसला, तर आजच बॅकअप, बाकी सगळं नंतर.

ऑनलाइन कुठल्याशा अनोळखी नावाची २ टीबी एसएसडी हास्यास्पद भावात दिसते ती घेऊ नका. आत छोटी चिप असते आणि साइज खोटी दाखवलेली असते, डेटा भरत गेलात की जुनं पुसलं जातं. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची आणि नाव ओळखीचं, एवढं बघा.

बसवताना क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करण्यापेक्षा मी नवीन विंडोज टाकायला सांगेन, वर्षानुवर्षांचा कचरा बरोबर येत नाही. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, बास. बोर्ड तोच असल्यामुळे विंडोजचं डिजिटल लायसन्स डिस्क बदलल्याने जात नाही. जुन्या मशीनच्या बायोसमध्ये साटा मोड आयडीई असेल तर विंडोज टाकायच्या आधी तो एएचसीआय करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फाइली तिच्यावर जाऊन बसतात आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही. त्याआधी काय काय वाचवायचं ते लिहून काढा: टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरचे पासवर्ड, डेस्कटॉपवर पडलेल्या फाइली, आणि लग्नपत्रिका वगैरेचं काम करणाऱ्यांनी फॉन्टचं फोल्डर, कृतिदेव आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट गेले की दहा वर्षांच्या पत्रिका चौकोन-चौकोन दिसतात.

मग रॅम, आणि सध्या जरा हात आखडून

४ जीबी असेल तर ८ करा, याला दुसरं मत नाही. ८ असेल तर मेमरीचा आकडा बघूनच ठरवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे जातोय, तेव्हा "होऊन जाऊ दे १६" म्हणायची ही वेळ नाही. कामात ७०% च्या खाली राहत असेल तर ८ वरच थांबा आणि पैसे धरून ठेवा.

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका. वेगवेगळ्या स्पीडच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही हळूवालीच्या स्पीडने चालतात, त्यात वाईट काही नाही. एका ८ पेक्षा दोन ४ बऱ्या, कारण दोन पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांतून एकदम वाचन) चालू होतं, आणि ज्यांचं ग्राफिक प्रोसेसरच्या आतलंच आहे त्यांना याचा खूप फायदा होतो कारण ते ग्राफिक रॅमच वापरतं. पण बोर्डाला दोनच स्लॉट असतील आणि पुढे १६ करायचा विचार असेल तर आता एक ८ ची घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणं शहाणपणाचं.

डीडीआर३ वाल्यांसाठी एक धोक्याची गोष्ट. ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ पट्टी फारच स्वस्तात दिसली तर खाली "फक्त एएमडी" असं लिहिलंय का बघा. ती इंटेल बोर्डावर चालत नाही. सेकंडहँड रॅम जेल रोडला बघून घेता येते, पण लावून दाखव म्हणायचं, आणि घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवायचं, एक जरी एरर आला तर परत. परत घेणार का हे पैसे देण्याआधी बोलून घ्या.

एसएमपीएस: ग्राफिक कार्डाच्या आधी, नेहमी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक नेमका हाच पार्ट वाचवतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. स्टिकर नीट वाचा, त्यात १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत ते शोधा. समजा १८ अँपिअर आहे, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे तुमचा ४५० चा डबा खऱ्या कामाला २१६ चा आहे, आणि स्वस्त डब्यात तोही आकडा खराच असेल असं नाही. यावर १५० वॅटचं कार्ड टाकलं तर गेममध्ये मशीन अचानक बंद पडतं आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. डबा जाताना कधी कधी बोर्डालाही घेऊन जातो.

ग्राफिक कार्ड घ्यायचं नसेल आणि मशीन स्थिर चालत असेल तर जास्त वॅटची काही गरज नाही, नाहक बदलू नका. घ्यायचं असेल तर ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का), ४५० किंवा ५५० वॅट, ओळखीचं नाव, पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या, हा पुढच्या मशीनमध्ये जातो म्हणून इथे पैसे मोडले तरी वाया जात नाहीत. कार्डाला वीज द्यायला कनव्हर्टर केबल लावू नका, मोलेक्समधून साटा काढणाऱ्या ओतीव प्लॅस्टिकच्या केबल तर वितळून पेट घेतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? अर्थिंग नाहीये. जुन्या इंदूरच्या, राजवाड्याच्या आसपासच्या घरांत हे खूप दिसतं. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, नवे पार्ट त्यानंतर. आणि पावसाळ्यात लाईट सारखी जाते-येते त्यासाठी ६०० व्हीएचा यूपीएस साध्या मशीनला पुरतो, त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते.

ग्राफिक कार्ड

गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम नसेल तर हा भाग सोडून द्या. जीटी ७१० नाहीतर ७३० टाकून मशीन फास्ट होत नाही, ती फक्त स्क्रीनवर चित्र दाखवायची कार्डं आहेत.

पीसीआयई स्लॉटमधून (कार्ड बसवायची बोर्डावरची खाच) ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलने अजून ७५, ८ पिनने १५०. एसएमपीएस बदलायचा नसेल तर केबल न लागणारं कार्ड बघा, जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल अशी आहेत, पण सगळी नाहीत, फोटोत वरची कड बघून घ्या. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं पीसीआयईच्या चारच लेन (डेटाचे रस्ते) वापरतात, नव्या बोर्डावर ठीक, जुन्या बोर्डावर चांगलीच मार खातात. इंटेल आर्क कार्डांना रिसायझेबल बार (बायोसमधली एक सोय) लागतो, जुन्या बोर्डाला तो नसतो, तिथे घेऊ नका. जीटीएक्स ९०० आणि १००० सिरीजचे नवीन गेम ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवले, तेव्हा सेकंडहँड घेताना ते भावात धरा. सेकंडहँडमध्ये खोटी कार्डंही फिरतात, जुन्या चिपला नवीन नाव देऊन, जीपीयू-झेड चालवलं की नावाच्या आधी फेक असं दाखवतं, म्हणून दुकानातच चालवून बघा. आणि कार्डाची लांबी, कॅबिनेटची जागा टेप लावून मोजा, हे कोणी करत नाही.

प्रोसेसर शेवटी

कारण प्रोसेसर बदलला की बहुतेक वेळा बोर्ड बदलतो, बोर्ड बदलला की रॅम बदलते, आणि विंडोजचं लायसन्स पण अडू शकतं. त्याच सॉकेटमध्ये काम भागत असेल तरच हा सौदा चांगला. आय३-२१०० च्या जागी सेकंडहँड आय७-३७७० बसतो, दोन कोरचे चार होतात, पण एच६१ बोर्डाचा बायोस आधी अपडेट करायला लागतो आणि विंडोज ११ चा प्रश्न तसाच राहतो, त्यामुळे अगदी थोडक्यात मिळाला तरच. एलजीए११५१ (इंटेलचा सॉकेट) मध्ये फसायला होतं, सहावी-सातवी जनरेशन आणि आठवी-नववी यांचा सॉकेट सारखा दिसतो पण बोर्ड वेगळे लागतात. खरी मजा एएम४ वाल्यांची आहे, २०१८ च्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो आणि विंडोज ११ पण अधिकृतपणे चालतं. बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसरची यादी असते, तीच खरी, दुकानातलं "चलेगा" नाही. बायोस अपडेट करताना यूपीएस लावलेला असू द्या.

आता प्रत्यक्षात कसं ठरवायचं

लोकमान्य नगरातले एक काका समजा, आय३ दुसरी जनरेशन, ४ जीबी, हार्ड डिस्क, काम पेन्शनचं आणि नातवाशी व्हिडिओ कॉल. साफसफाई, २५० ची साटा एसएसडी, सेकंडहँड ४ जीबी डीडीआर३, लिनक्स मिंट. याच्या पुढे एक रुपया नाही.

भंवरकुआँला एमपीपीएससीचा क्लास करणारी भाची, आय३-८१००, ४ जीबी, हार्ड डिस्क, दिवसभर पीडीएफ आणि लेक्चरचे व्हिडिओ. एसएसडी आणि रॅम ८, विंडोज ११. चार कोर आहेत, अजून बरीच वर्षं चालेल. पैसे उरलेच तर डोळ्यांसाठी २४ इंची आयपीएस मॉनिटर, तो तिच्या कामाला प्रोसेसरपेक्षा जास्त उपयोगाचा. बोर्डाला फक्त व्हीजीए असेल तर मॉनिटरलाही व्हीजीए आहे ना तेवढं बघून घ्या, एचडीएमआय ते व्हीजीएचा कनव्हर्टर उलटा चालत नाही.

गेमवाला पोरगा, रायझन ३ २२००जी, बी४५०, ८ जीबीची एकच पट्टी, एसएसडी आधीपासून आहे. इथे क्रम बदलतो. पहिल्यांदा तसलीच दुसरी ८ ची पट्टी, आतल्या ग्राफिकला ड्युअल चॅनल मिळालं की त्याच मशीनवर गेममधला फरक दिसतो. मग एसएमपीएस आणि कार्ड, एकाच खेपेत, आणि ५६०० त्यानंतर. एक गोष्ट त्याला आधीच सांगा, ५६०० मध्ये आतलं ग्राफिक नसतं, तो कार्डाच्या आधी घेतला तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

घरून कोरलवर पत्रिका करणारी मावशी असेल तर एसएसडी, मग रॅम १६, मग मॉनिटर. ग्राफिक कार्ड कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणायचं.

सगळ्यांसाठी एक रेषा आखून ठेवा. जुन्या मशीनवर होणारा खर्च, एसएसडी-मॉनिटरसारखे पुढे जाणारे पार्ट सोडून, आठव्या-नवव्या जनरेशनच्या रिफर्बिश्ड (जुनं, पण तपासून-दुरुस्त करून विकलेलं) ऑफिस मशीनच्या निम्म्याच्या वर जायला लागला की थांबा आणि ते मशीन घ्या. फक्त डेल-एचपीच्या त्या छोट्या डब्यांत एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्याच मापाचे असतात, मोठं ग्राफिक कार्ड बसत नाही, गेमवाल्यांनी हे आधी बघावं.

खरेदी एकाच दिवशी सगळी करू नका. एक पार्ट आणा, लावा, आठवडाभर नेहमीचं काम करा, परत टास्क मॅनेजर बघा, बऱ्याचदा एसएसडीनंतर दुसऱ्या पार्टची गरजच उरत नाही. तीन दुकानांत आणि ऑनलाइन भाव बघा, विचारताना १८% जीएसटी धरून का सोडून ते स्पष्ट करा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, बऱ्याच कंपन्या वॉरंटीला बिल मागतात.

काढलेले पार्ट लगेच विकू नका, महिनाभर ठेवा, नवीन काही बिघडलं तर जुन्याने टेस्ट होते. बंद पडलेला एसएमपीएस किंवा यूपीएसची बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा डबा असतो त्यात द्या. आणि जुनी हार्ड डिस्क विकायची किंवा द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यातून फोटो आणि बँकेचे पीडीएफ परत निघतात. फॉरमॅट करताना क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, ५०० जीबीला दोनेक तास लागतील, लागू द्या, मगच ती डिस्क घराबाहेर जाऊ द्या.